एका ओळीचा अर्थ काय? डेटाबेस शिकायला सुरुवात करताना

डेटाबेस शिकायला आलेल्या कुणालाही मी पहिल्या दिवशी सिलेक्ट, म्हणजे माहिती मागवायची कमांड, शिकवत नाही. आधी एक प्रश्न विचारते : तुमच्या टेबलातली एक ओळ नक्की काय सांगते? उत्तर एका पूर्ण वाक्यात हवं. ‘पक्ष्यांची माहिती’ हे काही उत्तर झालं नाही. ‘अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक पक्षी इतके दिसले’ हे उत्तर झालं. हे वाक्य जमलं की टेबलात कोणते कॉलम हवेत, प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख ठरवणारा कॉलम) कुठली ठेवायची, जॉइन केल्यावर (टेबलं जोडल्यावर) बेरीज का फुगली, अशा बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. ते जमलं नसेल तर एसक्यूएलचे, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचे, सगळे शब्द पाठ असूनही माणूस अडकतो, आणि असे अडकलेले लोक मला कामात सारखे भेटतात.

पक्ष्यांचं उदाहरण घेतलं कारण ते माझ्याकडे तयार आहे. मी सकाळी पक्षी बघायला जाते, कधी ताई बरोबर असते, कधी दादा. नोंदी वहीत होत्या, नंतर स्प्रेडशीटमध्ये आल्या :

तारीख | ठिकाण | पक्षी | संख्या | कोण होतं
२०२४-०१-०६ | तळं | खंड्या | २ | मी, ताई
२०२४-०१-१३ | तळे | खंड्या | ३ | मी
२०२४-०१-१३ | माळ | वेडा राघू | (रिकामं) | मी, दादा

वाचायला हे पुरेसं आहे. आता यालाच प्रश्न विचारून बघा. तळ्यावर एकूण किती खंड्या? एका ओळीत ‘तळं’ आहे, दुसरीत ‘तळे’, कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन ठिकाणं. ताई किती वेळा आली? एकाच रकान्यात दोन माणसं कोंबली आहेत, मोजणार कशी? माळावर कधीच न दिसलेले पक्षी कोणते? जो पक्षी कधी दिसलाच नाही त्याचं नाव या तक्त्यात येणारच नाही. तिन्ही ठिकाणी दुखणं एकच आहे : एक ओळ एकाच वेळी पाच गोष्टी सांगते आहे. असं एक ठिकाण आहे, असा एक पक्षी आहे, अशी माणसं आहेत, तो पक्षी त्या दिवशी तिथे दिसला, आणि तेव्हा ही माणसं हजर होती.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे ही पाच वाक्यं सुटी करून पाच प्रकारच्या ओळींत मांडणं. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली ही मांडणी प्रसिद्ध केली. त्याआधीच्या व्यवस्थांमध्ये माहिती कुठून कुठे जोडली आहे ती वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावी लागे. वाट बदलली की प्रोग्रॅम मोडे. कॉड यांचं म्हणणं असं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, काय हवं ते सांगा, आणि ते कसं शोधायचं हे यंत्रणेवर सोडा. १९७४ मध्ये आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल नावाची भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. हा इतिहास मुद्दाम सांगते, कारण लूप आणि इफ शिकून आलेल्या माणसाला नेमकं हेच जड जातं. ‘आधी ही ओळ घे, मग ती तपास’ असं इथे सांगायचं नसतं. उत्तराचं वर्णन करायचं असतं.

साधन कोणतं घ्यावं

एसक्यूलाइट घ्या. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते सुरू केलं. सर्व्हर बसवायचा नाही, पासवर्ड नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलीत. पायथॉन शिकत असाल तर त्यासोबत ते आलेलंच असतं. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल ही सर्व्हरवर चालणारी साधनं नंतर घ्या. पहिला आठवडा लॉगिनच्या अडचणी सोडवण्यात गेला तर शिकण्याचा उत्साह तिथेच संपतो.

टर्मिनलमध्ये एसक्यूलाइट सुरू करताना फाइलीचं नाव द्यायला विसरू नका. नाव न देता सुरू केलं तर सगळं मेमरीत राहतं आणि बाहेर पडताच जातं. आत गेल्यावर तीन सूचना लगेच द्या : ‘डॉट मोड बॉक्स’ (डॉटच्या जागी टिंब टाइप करा), म्हणजे उत्तरं चौकटीत नीट दिसतात; ‘डॉट नलव्हॅल्यू’ आणि पुढे एखादी खूण, म्हणजे रिकामी जागा डोळ्यांना कळते; आणि ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन;’. ही तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. फॉरेन की म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम. एसक्यूलाइटमध्ये तिची तपासणी सहसा बंद असते आणि प्रत्येक नव्या कनेक्शनला ती पुन्हा चालू करावी लागते. बंद असताना तुम्ही अस्तित्वात नसलेल्या पक्ष्याची नोंद टाकलीत तरी ते निमूटपणे घेतं.

वर आणि खाली ज्या कमांड दिल्या आहेत त्यातले क्रिएट, सिलेक्ट, फ्रॉम असे एसक्यूएलचे शब्द टाइप करताना रोमन लिपीत टाइप करा. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र देवनागरीत ठेवलीत तरी एसक्यूलाइटची हरकत नसते. आकडे कटाक्षाने इंग्रजीच टाका. देवनागरी १२ अवतरणाशिवाय लिहिलात तर एसक्यूलाइट त्याला कॉलमचं नाव समजतं आणि असा कॉलम नाही म्हणून तक्रार करतं. अवतरणात लिहिलात तर (टेबलाला खाली येणारं ‘स्ट्रिक्ट’ नसेल तेव्हा) तो मजकूर म्हणून साठतो आणि बेरजेत शून्य धरला जातो.

टेबलं बनवणं

आधी वाक्यं, मग टेबलं. कागदावर लिहा :

प्रजाती : या नावाचा एक पक्षी आहे.
ठिकाण : या नावाची एक जागा आहे.
निरीक्षक : या नावाचा एक माणूस आहे.
नोंद : या तारखेला, या ठिकाणी, ही प्रजाती इतक्या संख्येने दिसली.
हजेरी : या नोंदीच्या वेळी हा माणूस हजर होता.

पाचवं वाक्य बहुतेकांना सुचत नाही. एका नोंदीला अनेक माणसं, एका माणसाच्या अनेक नोंदी, असं दोन्हीकडून ‘अनेक’ आलं की मध्ये स्वतंत्र टेबल लागतं. नोंदीच्या टेबलात माणूस_१, माणूस_२, माणूस_३ असे कॉलम काढण्याचा मोह होतो. त्या वाटेला जाऊ नका. चौथा माणूस आला की टेबल बदलावं लागतं आणि ‘ताई कधी होती’ हे विचारायला तीन जागी शोधावं लागतं.

क्रिएट टेबल प्रजाती (
  आयडी इंटिजर प्रायमरी की,
  नाव टेक्स्ट नॉट नल युनिक
) स्ट्रिक्ट;

नॉट नल म्हणजे जागा रिकामी चालणार नाही, युनिक म्हणजे तीच किंमत दोनदा नको. ठिकाण आणि निरीक्षक ही टेबलंही अशीच. पुढच्या टेबलांत चेक म्हणजे पाळायची अट, आणि रेफरन्सेस म्हणजे ही फॉरेन की कुठल्या टेबलाकडे बोट दाखवते ते. मग :

क्रिएट टेबल नोंद (
  आयडी इंटिजर प्रायमरी की,
  तारीख टेक्स्ट नॉट नल चेक (तारीख इज डेट(तारीख)),
  ठिकाण_आयडी इंटिजर नॉट नल रेफरन्सेस ठिकाण(आयडी),
  प्रजाती_आयडी इंटिजर नॉट नल रेफरन्सेस प्रजाती(आयडी),
  संख्या इंटिजर चेक (संख्या >= ०)
) स्ट्रिक्ट;

क्रिएट टेबल हजेरी (
  नोंद_आयडी इंटिजर नॉट नल रेफरन्सेस नोंद(आयडी) ऑन डिलीट कॅस्केड,
  निरीक्षक_आयडी इंटिजर नॉट नल रेफरन्सेस निरीक्षक(आयडी),
  प्रायमरी की (नोंद_आयडी, निरीक्षक_आयडी)
) स्ट्रिक्ट;

शेवटचा ‘स्ट्रिक्ट’ गाळू नका. तो नसेल तर एसक्यूलाइट इंटिजरच्या कॉलमातही मजकूर ठेवून घेतं. ही सोय २०२१ मध्ये आलेल्या ३.३७ आवृत्तीपासून आहे, त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर आधी नवी घ्या.

ऑन डिलीट कॅस्केड (मूळ ओळ पुसली की तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळीही पुसणं) मी फक्त एकाच जागी लिहिलं आहे, ते का, हे त्या वाक्यांतच आहे. नोंदच पुसली तर ‘या नोंदीच्या वेळी हा माणूस हजर होता’ या वाक्याला अर्थ उरत नाही, मग हजेरीही जाऊ दे. पण कुणी चुकून प्रजातींतून खंड्या पुसायला गेलं तर त्यासोबत खंड्याच्या सगळ्या नोंदी जाव्यात असं मला मुळीच वाटत नाही. तिथे डेटाबेसने नकार द्यावा. कॅस्केड सरसकट सगळीकडे लिहिणाऱ्यांनी हा फरक थांबून बघावा.

तारखेसाठी एसक्यूलाइटमध्ये वेगळा प्रकार नाही. वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, महिना आणि दिवस दोन-दोन आकडी, मजकूर म्हणून ठेवतात. या क्रमाचा फायदा असा की मजकुराची तुलना केली तरी तारखांचा क्रम बरोबर येतो.

आता मुद्दाम चुकीचं भरा

टेबलं तयार झाली की मी सगळ्यांना वाईट माहिती भरायला लावते. एकच पक्षी दोनदा टाका. नसलेल्या ठिकाणाचा आयडी द्या. संख्या उणे तीन लिहा. ३२ जानेवारी ही तारीख टाका. प्रत्येक वेळी कोणती एरर येते ती पूर्ण वाचा : युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड, फॉरेन की कन्स्ट्रेंट फेल्ड, चेक कन्स्ट्रेंट फेल्ड. एखादी चुकीची ओळ विनातक्रार आत गेली तर टेबल बनवताना काहीतरी राहून गेलं आहे, आणि ते आत्ता कळणं स्वस्तात पडतं. चांगला डेटाबेस नकार देतो. तो नकार तुमच्या प्रोग्रॅममधल्या इफपेक्षा भरवशाचा आहे, कारण पुढे दुसरा कुणी, दुसऱ्याच प्रोग्रॅममधून माहिती भरायला आला तरी तो लागू राहतो.

मजकूर भरताना एकेरी अवतरण वापरा. एसक्यूएलमध्ये दुहेरी अवतरण हे टेबल किंवा कॉलमच्या नावासाठी असतं. एसक्यूलाइट बऱ्याचदा दुहेरी अवतरणातला मजकूरही चालवून घेतं, आणि मग कॉलमचं नाव चुकीचं लिहिलं तरी एरर येत नाही, नुसतंच विचित्र उत्तर येतं. देवनागरी मजकुराचा आणखी एक छुपा त्रास म्हणजे दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं. ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणूनही साठवता येतं आणि ‘र’ अधिक नुक्ता असंही. डोळ्यांना फरक दिसत नाही, तुलना मात्र जुळत नाही. शेवटी राहिलेली मोकळी जागाही असंच करते. म्हणूनच नाव एकाच टेबलात एकदाच लिहायचं आणि बाकी सगळीकडे आयडी वापरायचा.

विचारायला शिकणं

सिलेक्ट तारीख, संख्या
फ्रॉम नोंद
व्हेअर ठिकाण_आयडी = १
ऑर्डर बाय तारीख;

ठिकाणांत १ म्हणजे तळं आणि २ म्हणजे माळ असं धरलं आहे. लिहिताना सिलेक्ट आधी येतं, पण समजून घेताना फ्रॉमपासून सुरू करा. आधी कुठल्या ओळी (फ्रॉम), त्यातल्या कुठल्या ठेवायच्या (व्हेअर), त्यांचे गट कसे पाडायचे (ग्रुप बाय), कुठले गट ठेवायचे (हॅविंग), मग काय दाखवायचं (सिलेक्ट), शेवटी क्रम (ऑर्डर बाय). व्हेअरमध्ये बेरीज का वापरता येत नाही, हे यातूनच कळतं : तोवर गटच पडलेले नसतात.

ऑर्डर बाय नसेल तर ओळी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. आज भरलेल्या क्रमाने आल्या म्हणून उद्याही तशाच येतील असं धरू नका. आणि मराठी नावांचा क्रम लावताना थोडी तयारी ठेवा : एसक्यूलाइट अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकानुसार लावतं, त्यामुळे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो आणि ‘क्ष’ शेवटी न जाता ‘क’च्या घरातच राहतो. वर्णमालेचा क्रम हवा असेल तर स्वतःचा क्रमांकाचा कॉलम ठेवणं सोपं पडतं.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

वेड्या राघूच्या नोंदीत संख्या नाही. थवा उडून गेला, मोजता आला नाही. तिथे शून्य लिहिलं तर ‘एकही दिसला नाही’ असं खोटं विधान होतं. ‘माहीत नाही’ यासाठी नल आहे, आणि नलचे नियम वेगळे आहेत.

आपल्या तीन नोंदींत संख्या आहेत २, ३ आणि नल. काउंट(*) तीन सांगेल, काउंट(संख्या) दोन. सरासरी २.५ येईल, कारण नल धरलाच जात नाही. शून्य लिहिलं असतं तर ती १.६७ च्या आसपास उतरली असती. ‘व्हेअर संख्या <> २’ असं विचारलं तर फक्त तीनची ओळ येते, राघूची येत नाही. ती संख्या दोन आहे का? माहीत नाही. दोन नाही का? तेही माहीत नाही. व्हेअरमधून फक्त नक्की ‘हो’ असलेल्या ओळी पुढे जातात. म्हणून नल शोधायचा तर ‘= नल’ नाही, ‘इज नल’ लिहायचं.

चेकचं उलटं आहे : तिथे नक्की ‘नाही’ असेल तरच ओळ अडते, ‘माहीत नाही’ चालून जातं. संख्येच्या चेकमधून नल आत येतो तो यामुळे, आणि आपल्याला तो हवाच आहे. तारखेच्या चेकमध्ये ‘=’ न लिहिता ‘इज’ लिहिलं तेही याचसाठी. ‘२०२४-१-६’ अशी अर्धवट तारीख दिली तर डेट() नल देतं; ‘=’ असतं तर तुलनेचं उत्तर ‘माहीत नाही’ आलं असतं आणि ती तारीख बिनदिक्कत आत शिरली असती.

जॉइन : इथे थांबून वेळ द्या

जॉइन म्हणजे दोन टेबलांतल्या ओळींच्या जोड्या लावणं. ऑन पुढची अट ज्या जोडीला लागू पडते ती जोडी उत्तरात येते, बस.

सिलेक्ट नोंद.तारीख, प्रजाती.नाव, नोंद.संख्या
फ्रॉम नोंद
जॉइन प्रजाती ऑन प्रजाती.आयडी = नोंद.प्रजाती_आयडी;

इथे प्रत्येक नोंदीला एकच प्रजाती, म्हणून जोड्या तेवढ्याच जेवढ्या नोंदी. ओळीचा अर्थ बदलला नाही, नुसतं नाव जोडलं गेलं. आता हजेरी जोडून बघा :

सिलेक्ट सम(नोंद.संख्या)
फ्रॉम नोंद
जॉइन हजेरी ऑन हजेरी.नोंद_आयडी = नोंद.आयडी;

पक्षी दिसले पाच, उत्तर येतं सात. सम काढून टाका, नुसत्या ओळी बघा. पहिल्या नोंदीला मी आणि ताई दोघी होतो, म्हणून दोन खंड्यांची ओळ दोनदा आली. दुसरीला मी एकटी, तीनची ओळ एकदा. राघूची नोंद माझ्या आणि दादाच्या नावाने दोनदा, पण तिथे नल. दोन, दोन, तीन : सात. डेटाबेसने काहीच चुकवलेलं नाही. जॉइन केल्यावर ओळीचं वाक्य ‘इतके पक्षी दिसले’ हे उरलं नाही. ते ‘या माणसाच्या हजेरीत इतके पक्षी दिसले’ असं झालं, आणि आपण बेरीज मात्र जुन्या वाक्याची समजून केली.

या जागी हमखास सुचणारा उपाय म्हणजे सम(डिस्टिंक्ट नोंद.संख्या). चालवून बघा, पाच येतील, आणि धोका नेमका तिथेच आहे. आपल्या नोंदींत योगायोगाने दोन आणि तीन या वेगळ्या संख्या आहेत. आणखी एक नोंद घाला, दोन बुलबुल. खरी बेरीज सात, पण डिस्टिंक्ट पुन्हा पाचच सांगेल, कारण दोन्ही ‘दोन’ त्याला एकच वाटतात. ओळी जास्त आल्या की डिस्टिंक्ट मारायची सवय मी ज्यांना ज्यांना शिकवते त्यांच्याकडून आग्रहाने सोडवते. ओळी का वाढल्या ते आधी शोधायचं.

‘मी हजर होते त्या नोंदींतले एकूण पक्षी’ हवे असतील तर नोंदीच्या ओळी नोंदीच्याच राहू द्या आणि हजेरी फक्त गाळणी म्हणून वापरा (इथे निरीक्षक १ म्हणजे मी) :

सिलेक्ट सम(संख्या)
फ्रॉम नोंद
व्हेअर आयडी इन (सिलेक्ट नोंद_आयडी फ्रॉम हजेरी व्हेअर निरीक्षक_आयडी = १);

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे लेफ्ट जॉइन. साध्या जॉइनमध्ये जोडी न मिळालेली ओळ गळते. कधीच न दिसलेले पक्षीही यादीत हवे असतील तर डावीकडचं टेबल पूर्ण राखायला हवं :

सिलेक्ट प्रजाती.नाव, काउंट(नोंद.आयडी)
फ्रॉम प्रजाती
लेफ्ट जॉइन नोंद ऑन नोंद.प्रजाती_आयडी = प्रजाती.आयडी
ग्रुप बाय प्रजाती.आयडी, प्रजाती.नाव;

काउंट(*) लिहिलं असतं तर न दिसलेल्या पक्ष्यापुढे शून्याऐवजी एक आला असता, कारण जोडी नसली तरी नलने भरलेली एक ओळ त्याच्यासाठी असतेच. आता यात ‘फक्त माळावरच्या नोंदी’ अशी अट घालायची आहे. ती व्हेअरमध्ये घातलीत तर न दिसलेले पक्षी पुन्हा गायब होतील, कारण त्यांच्या ओळीत ठिकाण नल आहे आणि व्हेअर ‘माहीत नाही’ला पुढे सोडत नाही. अट ऑनमध्ये घाला : ‘ऑन नोंद.प्रजाती_आयडी = प्रजाती.आयडी अँड नोंद.ठिकाण_आयडी = २’. दोन्ही चालवून उत्तरं शेजारी ठेवून बघा. हा फरक वाचून पटतो, पण हातात बसायला स्वतः करावंच लागतं.

ऑन लिहायचं राहून गेलं तर एसक्यूलाइट कुरकुर करत नाही; प्रत्येक ओळीची प्रत्येक ओळीशी जोडी लावून देतं. शंभर नोंदी आणि पन्नास प्रजाती म्हणजे पाच हजार ओळी. स्क्रीन पळायला लागली की ऑन तपासा.

ग्रुप बायबद्दल एवढंच सांगते : गट पाडल्यावर एक ओळ म्हणजे एक गट. सिलेक्टमध्ये गटाचा कॉलम किंवा बेरीज-मोजणी एवढंच असावं. एसक्यूलाइट इतर कॉलमही दाखवू देतं, गटातल्या कुठल्या तरी एका ओळीतली किंमत उचलून. पोस्टग्रेस मात्र अशी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) नाकारतं. तुम्ही सुरुवातीपासून पोस्टग्रेसच्या शिस्तीने लिहा.

बदलताना आणि पुसताना

अपडेट किंवा डिलीट लिहिण्याआधी तीच अट सिलेक्टला लावून ओळी डोळ्यांनी बघा. मग ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकतर सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गटात, काम करा :

बिगिन;
डिलीट फ्रॉम नोंद व्हेअर तारीख < '२०२४-०१-१०';
सिलेक्ट चेंजेस();

चेंजेस() किती ओळी गेल्या ते सांगतं. आकडा अपेक्षेप्रमाणे असेल तर कमिट, नसेल तर रोलबॅक, की सगळं जिथल्या तिथे. व्हेअर विसरलेलं डिलीट अख्खं टेबल रिकामं करतं आणि आधी विचारत नाही, म्हणून बिगिन ही सवयच लावून घ्या. एक नोंद आणि तिच्या दोन हजेऱ्या भरतानाही तेच : तिन्ही ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट नोंद उरत नाही.

पायथॉनमधून

किंमत क्वेरीत जोडाजोडी करून घालू नका. प्रश्नचिन्ह ठेवा आणि किंमत वेगळी द्या :

कॉन.एक्झिक्यूट("सिलेक्ट आयडी फ्रॉम प्रजाती व्हेअर नाव = ?", (नाव,))

जोडाजोडी केली तर कुणी नावाच्या जागी एसक्यूएलचाच तुकडा टाइप करून तुमचा डेटाबेस उघडा पाडू शकतो. प्रश्नचिन्हामुळे आलेली गोष्ट नेहमी नुसती किंमतच राहते. ‘नाव’नंतरचा तो स्वल्पविराम महत्त्वाचा आहे. तो नसेल तर पायथॉन ‘खंड्या’ या मजकुराचं एकेक चिन्ह सुटी किंमत समजतो, आणि एरर येते की एक किंमत हवी होती, सहा मिळाल्या. ख, अनुस्वार, ड, हलन्त, य, काना : मोजून सहा.

भरणं झाल्यावर कमिट करा, नाहीतर कनेक्शन बंद होताच भरलेलं जातं. फॉरेन कीची प्रॅग्मा इथेही प्रत्येक कनेक्शनला द्यायची. आणि लूपमध्ये क्वेरी चालवण्याआधी थांबा. आधी सगळ्या प्रजाती आणायच्या, मग प्रत्येकीसाठी वेगळी क्वेरी, असं लिहिण्याकडे हात वळतोच. वरची लेफ्ट जॉइनची एकच क्वेरी तेच काम एका फेरीत करते.

इंडेक्सचा, म्हणजे शोध वेगवान करणाऱ्या सूचीचा, विचार इतक्यात नको. क्वेरी खरंच हळू वाटली तर तिच्या आधी ‘एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन’ लिहून चालवा. ‘स्कॅन नोंद’ दिसलं म्हणजे सगळं टेबल वाचलं जातंय. प्रायमरी की आणि युनिक यांच्यासाठी शोधाची सोय आपोआप असते, फॉरेन कीच्या कॉलमांना एसक्यूलाइट ती देत नाही. नोंद टेबलातल्या प्रजाती_आयडीवर इंडेक्स करा आणि त्या कॉलमची अट असलेली क्वेरी पुन्हा तपासा, ‘स्कॅन’च्या जागी ‘सर्च’ आलेलं दिसेल.

आता तुमच्या स्वतःच्या आवडीच्या माहितीवर हे करा : वाचलेली पुस्तकं, खेळाचे निकाल, झाडांच्या बहराच्या तारखा, काहीही, फक्त ती तुम्हाला आतून माहीत असलेली हवी, म्हणजे चुकलेलं उत्तर बघताक्षणी खटकेल. आधी टेबलांची वाक्यं, मग प्रत्येक क्वेरीआधी उत्तरातल्या एका ओळीचं वाक्य, दोन्ही कागदावर. पक्ष्यांच्या डेटाबेसवरच सराव करायचा असेल तर हे चार प्रश्न घ्या, क्रमाने अवघड होत जातात. प्रत्येक महिन्यात किती वेगवेगळ्या प्रजाती दिसल्या? तळ्यावर दिसलेल्या पण माळावर कधीच न दिसलेल्या कोणत्या? प्रत्येक प्रजाती पहिल्यांदा कधी दिसली, आणि तेव्हा कोण कोण हजर होतं? ताई होती पण दादा नव्हता अशा नोंदींत एकूण किती पक्षी मोजले गेले, आणि किती नोंदींत मोजायचे राहिले?